गाऱ्हाणे ऐकणारा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणातल्या देवळात गाऱ्हाणे घातलेले आपण सर्वांनी ऐकले आहे. गुरव किंवा गावकर देवापुढे उभा राहून एकेका घराचे दुखणे सांगत जातो आणि प्रत्येक मागणीनंतर मागे उभी असलेली माणसे एका सुरात 'होय म्हाराजा' म्हणतात. त्या दोन शब्दांत सल्ला नसतो की औषध नसते. तुझे म्हणणे आम्ही ऐकले आणि आम्ही तुझ्या मागे उभे आहोत, एवढेच त्यांत असते. रुग्णालयाच्या वॉर्डात, रात्री अडीच वाजता, छताकडे बघत पडलेल्या माणसाला 'होय' म्हणणारे कोण असते, याविषयी मी आज बोलणार आहे. किनाऱ्यावरच्या एका रुग्णालयात मी अनेक वर्षे परिचारिका होते आणि आता रुग्णांना आध्यात्मिक आधार देणाऱ्यांच्या प्रशिक्षणात मदत करते.

पाश्चात्य देशांतल्या रुग्णालयांत या कामासाठी चॅप्लेन नेमलेला असतो. पूर्वी तो ख्रिस्ती धर्मगुरूच असे. आता तेथे हिंदू, मुस्लिम, बौद्ध आणि कोणताही धर्म न मानणारे चॅप्लेनही आहेत. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे काम दीर्घकाळ चालत आले आहे. या प्रशिक्षणाचा आरंभ मात्र एका मनोरुग्णालयात झाला. अँटन बॉयसेन हे अमेरिकन धर्मगुरू १९२० साली स्वतः मनोविकाराने रुग्णालयात दाखल झाले होते. बरे झाल्यावर ते मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन झाले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी धर्मशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांना तेथे शिकायला बोलावले. ग्रंथ जितक्या बारकाईने वाचता तितक्याच बारकाईने समोरचा माणूस वाचा, तोही एक जिवंत ग्रंथ आहे, असे त्यांचे सांगणे होते. आपल्या रत्नागिरीतही प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि त्याच्या भिंतीजवळून जाताना मला बॉयसेन यांची आठवण होते, कारण ज्या जागेचे नाव घ्यायलाही माणसे कचरतात, तशाच एका जागेतून ही विद्या बाहेर आली.

अमेरिकेत या शिक्षणाचा एक टप्पा किमान ४०० तासांचा असतो आणि त्यांतले किमान १०० तास गटचर्चेत व मार्गदर्शकासमोर जातात. मुख्य साधन अगदी साधे आहे. रुग्णाशी झालेले बोलणे घरी जाऊन आठवेल तसे शब्दशः लिहायचे: तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, कोण किती वेळ गप्प राहिले. मग ते गटासमोर वाचून दाखवायचे. बोलताना जे लक्षात येत नाही ते कागदावर लपत नाही.

एक उदाहरण सांगते; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुंबईतले उपचार संपवून घरी पाठवलेला, पोटाच्या कर्करोगाचा एक वृद्ध तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीचा प्रमुख, आमच्याकडे होता. वेदनेवरचे औषध चालू होते, तरी रात्री तो तळमळत असे. प्रशिक्षणाला आलेला एक तरुण त्याच्या उशाशी बसला होता. तांडेलाने विचारले, "यंदा नारळी पुनव कधी?" तरुणाने मोबाईलवर पाहून तारीख सांगितली. तांडेल म्हणाला, "बघूया." तरुण म्हणाला, "देवाक काळजी, तात्या." आणि बोलणे संपले.

हा कागद वाचून झाल्यावर गटात बराच वेळ शांतता होती. 'देवाक काळजी' हे आपल्या तोंडात बसलेले बोल आहेत. रुग्ण स्वतः ते म्हणतो तेव्हा त्याचे मन हलके होते. पण भेटायला आलेला माणूस म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो दार लावून घेत असतो. समोरच्याचे दुःख आपल्याला सोसत नाही, म्हणून आपण घाईने धीर देतो. ही घाई सोडणे हाच या शिक्षणातला सर्वांत कठीण धडा आहे, आणि तो शिकायला मला स्वतःला फार वर्षे लागली.

दुसऱ्या दिवशी तो तरुण पुन्हा गेला आणि त्याने एवढेच विचारले, "तात्या, नारळी पुनवेचं काल का विचारलंत?" मग तांडेलाने सांगितले की, चाळीस वर्षांपूर्वी समुद्राला नारळ देण्याआधीच त्याने होडी लोटली होती आणि त्या फेरीत त्याचा धाकटा भाऊ पाण्यात गेला. आताचा आजार ही त्याचीच शिक्षा आहे, असे तो मनाशी धरून बसला होता. तरुणाच्या ओठांवर आले होते की, असे काही नसते. त्याने ते गिळले आणि विचारले, "हे कोणाला सांगावंसं वाटतं?" भावाच्या मुलाला, असे उत्तर आले. पुतण्या आला, दोघे पाऊण तास बोलले. जाताना तो म्हणाला, "काका, पुनवेला तुमच्या नावचा नारळ मी देतो." औषधाची मात्रा बदलली नव्हती, पण त्या रात्री तांडेल झोपला. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारे केंद्र, सुरू करणाऱ्या डॉक्टर सिसिली सॉन्डर्स सांगत की, वेदना शरीराची असते तशीच मनाची, कुटुंबाची आणि आत्म्याचीही असते. त्या वेदनेची ही चौथी बाजू आम्ही त्या खाटेवर पाहिली.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. आधार द्यायला आलेल्या माणसाने स्वतःची श्रद्धा दाराबाहेर ठेवून यायचे असते. रुग्णाने मागितल्याशिवाय अंगारा, तावीज, तीर्थ, प्रार्थना यांतले काहीही खाटेपाशी न्यायचे नाही आणि नास्तिक माणसाला देवाकडे वळवायचे नाही. आमच्या गटात भजनी मंडळाचे एक बुवा, एक मौलाना, एक बौद्धाचार्य आणि एक ख्रिस्ती भगिनी होत्या आणि हा नियम चौघांनाही सारखाच जड गेला. रुग्णाने जीव देण्याची भाषा केली, तर मात्र ती गोष्ट पोटात ठेवायची नाही, तत्काळ डॉक्टरांना सांगायची.

एरवी सारे पोटात ठेवायचे, आणि कोकणात हे विशेष अवघड आहे. कागदावर नाव नसले तरी वाडी, ग्रामदेवता आणि होडीचा रंग एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. सकाळी वॉर्डात ऐकलेले दुपारी एसटी स्टँडवर पोचले, तर त्या गावातला दुसरा कोणी पुन्हा तोंड उघडणार नाही. म्हणून लिहिताना असे सारे तपशील बदलायचे आणि गटात वाचून झाले की कागद फाडून टाकायचे, अशी आमची शिस्त आहे.

आमच्या गटात एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचे यजमान मुंबईत नोकरीला असताना तेथेच वारले आणि बाईंना शेवटची भेट मिळाली नाही. यजमानांच्या वयाचा रुग्ण दिसला की त्या खाटेपासून निघून येत. हे त्यांनी स्वतःच कागदावर लिहिले आणि वाचताना त्यांचा आवाज थांबला. गटाने समजूत घातली नाही, फक्त ऐकले. पुढच्या गुरुवारी त्यांनी नवा कागद वाचला. त्यांत रुग्णाचे बोलणे दीड पान होते आणि बाईंची वाक्ये चार होती. त्यांतले शेवटचे होते, "मी आहे इथे, सांगा."