सोडलेले गुलाम, परत धरलेले गुलाम : यिर्मयाच्या यरुशलेममधला निवाडा

मित्रहो, बायबलमधल्या संदेष्ट्यांची, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्यांची, पुस्तकं उघडली की पानोपानी तलवार, दुष्काळ आणि मरी भेटते. इतका संतापलेला देव कशाला वाचायचा, असं मला बरेचजण विचारतात. त्यांना मी आधी यिर्मयाच्या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय वाचायला सांगतो. तो एका खटल्याचा वृत्तांत आहे.

इ.स.पू. 609च्या सुमाराची गोष्ट. यरुशलेम ही यहूदा राज्याची राजधानी, आणि यहोयाकीम नुकताच तिथल्या गादीवर आलेला. संदेष्टा यिर्मया मंदिराच्या अंगणात उभा राहून म्हणाला, वागणं सुधारलं नाहीत तर या मंदिराची गत शिलोसारखी होईल. शिलो हे जुनं तीर्थस्थान, एके काळी कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, तिथे असे; पुढे ते उद्ध्वस्त झालं. याजकांनी आणि दरबारी संदेष्ट्यांनी त्याला तिथल्या तिथे धरलं आणि देहान्त मागितला. सरदार राजवाड्यातून आले, मंदिराच्या नव्या दाराशी बसले, सुनावणी सुरू झाली.

तेव्हा काही वडीलधारे उठले. ते म्हणाले, हिज्कीया राजाच्या वेळी मीखा नावाचा संदेष्टा हेच बोलला होता : सियोन, म्हणजे यरुशलेमची टेकडी, शेतासारखी नांगरली जाईल, यरुशलेमचे ढिगारे होतील. हिज्कीयाने त्याला मारलं का? तो परमेश्वराला भ्याला, त्याने करुणा भाकली, आणि परमेश्वराने ते अरिष्ट मागे घेतलं.

मीखा बोलला त्याला शंभर वर्षं होत आली होती आणि शहर जागच्या जागी उभं होतं. तरी कुणी मीखाला खोटं ठरवत नाही. उलट त्याचं न घडलेलं भाकीत यिर्मयाचा जीव वाचवायला पुढे केलं जातं. ज्योतिष्याचं भाकीत चुकलं की त्याची पत जाते. संदेष्टा मात्र आपलं बोलणं खरं ठरू नये म्हणूनच बोलतो. निवाडा आधी ऐकवला जातो, कारण अजून वेळ आहे. अठराव्या अध्यायात, कुंभाराच्या घरी, यिर्मयाला हेच स्पष्ट शब्दांत सांगितलं जातं : ज्या राष्ट्राविरुद्ध मी बोललो ते वाईटापासून वळलं, तर मीही माझा बेत बदलेन.

यिर्मया वाचला, कारण शाफानचा मुलगा अहीकाम त्याच्या पाठीशी उभा राहिला. तेच बोलणारा उरीया वाचला नाही. तो इजिप्तला पळाला होता. राजाने एलनाथान नावाच्या माणसाला पाठवून त्याला पकडून आणवलं आणि तलवारीने मारलं.

पुढे काही वर्षांनी यिर्मयाचा लेखनिक बारूख याने यिर्मयाचे शब्द गुंडाळीवर लिहून मंदिरात वाचले, ते गमऱ्याच्या खोलीतून. हा गमऱ्याही शाफानचाच मुलगा. 1982 साली यरुशलेमच्या दावीदनगराच्या उत्खननात ‘शाफानचा मुलगा गमऱ्या’ अशी अक्षरं असलेला मातीचा शिक्का मिळाला, तो बहुधा याच माणसाचा. गुंडाळी राजापुढे गेली. थंडीचे दिवस होते, समोर शेगडी पेटलेली होती. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखकाच्या चाकूने तेवढा भाग कापायचा आणि विस्तवात टाकायचा. ‘जाळू नका’ म्हणून विनवणाऱ्यांत एलनाथानही होता, उरीयाला पकडून आणणारा तोच. माणूस वळतो तो कधीकधी असा, अर्धामुर्धा आणि उशिरा. राजा मात्र वळला नाही. याच राजाच्या बापाने, योशीयाने, मंदिरात सापडलेला ग्रंथ ऐकून आपली वस्त्रं फाडली होती. मुलाने पुस्तक फाडलं.

पण आज मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते चौतिसाव्या अध्यायाबद्दल. तो फारसा वाचला जात नाही, आणि माझ्या मते पश्चात्ताप म्हणजे काय हे त्याच्याइतकं उघडपणे दुसरीकडे कुठे सांगितलेलं नाही.

इ.स.पू. 588. सिद्कीया राजा आहे, बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याचं सैन्य यहूदात घुसलं आहे. तटबंदीच्या शहरांपैकी लाखीश आणि अजेका ही दोनच उरली आहेत, असं हा अध्याय सांगतो. 1935 साली लाखीशच्या अवशेषांत खापरांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली. त्यांतल्या एकात एक अधिकारी वरिष्ठाला कळवतो की आम्ही लाखीशच्या इशाऱ्याच्या जाळाकडे डोळे लावून आहोत, अजेका आम्हांला दिसत नाही.

अशा वेळी राजाने आणि धनिकांनी मंदिरात शपथ घेतली : आपापले हिब्रू दास-दासी मोकळे करायचे. मोशेच्या नियमशास्त्राचा हुकूम तोच होता. कर्जापायी विकला गेलेला भाऊबंद सहा वर्षं राबेल, सातव्या वर्षी सुटेल, आणि त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे पाळलं गेलं नव्हतं. आता वासरू कापून दोन भाग केले, त्यांमधून चालत गेले (करार मोडेल त्याची गत या वासरासारखी होवो, असा त्याचा अर्थ), करार झाला. गुलाम खरोखर सुटले.

मग इजिप्तचं सैन्य निघाल्याची बातमी आली. बाबेलवाल्यांनी वेढा उठवला. आणि धन्यांनी आपले गुलाम परत धरून आणले.

जरा त्या दासीचा विचार करा. ती आपल्या घरी गेली असेल, चूल मांडली असेल. काही आठवड्यांत धन्याची माणसं दाराशी. यिर्मयाचा सगळा क्रोध इथे उसळतो. तुम्ही वळलात, माझ्या दृष्टीने योग्य ते केलंत, अशी दाद तो आधी देतो, आणि मग म्हणतो : तुम्ही भावाला मोकळीक दिली नाहीत, तर मीच तुम्हांला मोकळं करतो, तलवारीला, मरीला आणि दुष्काळाला. वासराच्या तुकड्यांमधून चाललेल्यांची प्रेतं पाखरं खातील. गेलेलं सैन्य मी परत बोलावतो.

सैन्य परत आलं, शहर पडलं, मंदिर जळलं. आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदी त्यांच्या पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला त्या दिवसाचा शोक पाळत आले आहेत. मराठीत त्याला ते बिरड्याचा सण म्हणतात. यहुदी परंपरेने ही शिकवण घट्ट धरून ठेवली. मिश्ना हा यहुदी धर्मगुरूंच्या नियमांचा जुना संग्रह सांगतो की माणसाने माणसाविरुद्ध केलेला अपराध प्रायश्चित्ताच्या दिवसानेही फिटत नाही, त्या माणसाचं समाधान करेपर्यंत. उपास केला, रडलो, पण घेतलेलं परत केलं नाही, तर चौतिसावा अध्याय जिथल्या तिथे उभा आहे.

एकोणचाळिसाव्या अध्यायातलं एक वाक्य मला फार बोचतं. बाबेलचा सेनापती नबूजरदान लोकांना कैद करून नेतो, पण ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्या गरिबांना मागे ठेवतो आणि त्याच दिवशी त्यांना द्राक्षमळे आणि शेतं देतो. यरुशलेमच्या धन्यांनी शपथ घेऊन मोडलं ते, स्वतःच्या सोयीसाठी का होईना, परक्या सेनापतीने करून टाकलं. यिर्मयाला त्याने विचारलं, बाबेलला येतोस की इथे राहतोस? यिर्मया मिस्पा गावी, बाबेलने नेमलेला अधिकारी गदल्या, त्याच अहीकामचा मुलगा, याच्याकडे गेला आणि मागे राहिलेल्या लोकांत राहिला.