टॅप कधी द्यायचा?

मंडळी, फलकावर आजचा विषय लिहिला आहे: 'ब्राझिलियन जिऊ-जित्सूतली दीर्घ कारकीर्द, स्पर्धक ते प्रशिक्षक'. विशीत मॅटवर उतरलेला माणूस पन्नाशीतही तिथे कसा टिकतो, हे सांगायचं कबूल केलं आहे आणि ते सांगणारच. पण त्याआधी टॅपबद्दल, म्हणजे 'हरलो, सोड' या खुणेबद्दल, बोलू द्या. तो कळला नाही, तर पुढचं सगळं वाया.

विदर्भात नागपंचमीच्या दंगली पाहत वाढलेल्या माणसाच्या अंगात एक नियम मुरलेला असतो: पाठ टेकली की कुस्ती संपली. जिऊ-जित्सूत पाठ टेकली की खेळ सुरू होतो. खालच्याने वरच्याला दोन पायांत धरलं की तो झाला गार्ड. गार्डमधून गळा आवळता येतो, कोपर उलटं नेता येतं, वरच्याला उलथून त्याच्यावर बसता येतं. उलथण्याचे, म्हणजे स्वीपचे, 2 गुण. गार्ड ओलांडण्याचे 3. माउंटचे, म्हणजे थेट छातीवर बसण्याचे, 4. आणि प्रत्येक ठिकाणी 3 सेकंद ताबा दिसला पाहिजे. पण एका टॅपपुढे हे सगळे गुण शून्य. जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर दोन-तीनदा थोपटायचं. हात अडकले असतील तर पाय आपटायचा. तेही जमत नसेल तर तोंडाने सांगायचं.

आखाड्यातून येणारी पोरं पटात घुसायला वाघ असतात. त्यांची मान आणि कंबर पाहून कोणताही प्रशिक्षक खूश होईल. पण टॅप द्यायला त्यांना वर्ष लागतं. "सर, काहून सोडू? अजून दुखलं नाही ना!" हे वाक्य नागपुरातल्या प्रत्येक मॅटवर ऐकू येतं. (इथे मागच्या रांगेत हसू पिकलं.) हसताय ते ओळखीचं आहे म्हणूनच.

आता 1951 ची गोष्ट. ती तुम्हाला माहीत आहे, पण चुकीच्या बाजूने. 23 ऑक्टोबर, रिओचं माराकाना स्टेडियम. एकीकडे मासाहिको किमुरा, जपानचा अव्वल ज्युदोपटू, 34 वर्षांचा. दुसरीकडे एलिओ ग्रेसी, ब्राझिलियन जिऊ-जित्सू घडवणाऱ्यांपैकी एक, 38 वर्षांचा आणि अंगाने बराच हलका. अट अशी की फेकण्याला आणि दाबून धरण्याला गुण नाहीत, निकाल शरणागतीवरच. किमुराने त्याला पुन्हा पुन्हा उचलून आपटलं; मॅट मऊ होती, एलिओ दर वेळी सावरला. दुसऱ्या फेरीत किमुराने हात धरला. पकड नीट समजून घ्या. एका हाताने समोरच्याचं मनगट धरायचं, दुसरा हात त्याच्या दंडावरून घालून आपलंच मनगट पकडायचं, त्याचं कोपर बरगडीपासून सुटं करायचं आणि हात पाठीमागून मानेच्या दिशेने फिरवायचा. एलिओने टॅप दिला नाही. हाड मोडल्याचा आवाज आला, असं किमुराने आठवणींत लिहून ठेवलं आहे. तरीही नाही. शेवटी भाऊ कार्लोसने त्याच्या वतीने हार मानून टॉवेल टाकला. तेव्हापासून त्या पकडीचं नावच 'किमुरा'.

ही गोष्ट आपल्याकडे शौर्यकथा म्हणून सांगतात, आणि माझी तक्रार नेमकी इथे आहे. एलिओचं धैर्य मोठंच. पण तो सामना होता, देशभर गाजलेला, आयुष्यात एकदा येणारा. मंगळवारी संध्याकाळच्या सरावात बावीस वर्षांचा मुलगा त्याचं अनुकरण करतो, खांदा घालवून बसतो आणि सहा महिने घरी राहतो. ज्याच्या हट्टाची एवढी गोष्ट होते, तो एलिओ 2009 मध्ये 95 व्या वर्षी वारला आणि म्हातारपणीही गी, म्हणजे सरावाचा जाड पोशाख, घालून मॅटवर येत होता. हे एका सामन्यातल्या हट्टाने होत नाही. ताकद कमी म्हणून तरफ, कोन आणि वेळ यांवर त्याने आयुष्यभर जे काम केलं, त्याने होतं.

'दुखलं की सोडू' हे गणित चूक का? कारण प्रत्येक पकडीत दुखणं वेगवेगळ्या वेळी येतं. किमुरात खांदा हळूहळू ताणतो, विचार करायला वेळ मिळतो. कोपर उलटं नेणाऱ्या सरळ आर्मबारमध्ये तो कमी मिळतो, त्यात समोरच्याने कंबर झटक्यात वर केली तर मिळतच नाही. गळ्याच्या बाजूच्या रक्तवाहिन्या दाबल्या तर दुखतच नाही. साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते. सगळ्यात फसवी हील हुक. टाच फिरवली जाते आणि अस्थिबंध तुटतो गुडघ्यातला, तोही बहुधा दुखायच्या आधी. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत गी घालून हील हुकला बंदीच आहे. गीविना 2021 पासून ती प्रौढ गटातल्या ब्राउन आणि ब्लॅक बेल्टनाच मोकळी झाली. म्हणून टाच पक्की धरली गेली की लगेच टॅप. पायाला पीळ बसेपर्यंत थांबूच नका.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली. तर मूळ विषय, भराभर.

ब्लॅक बेल्ट 19 व्या वर्षाआधी मिळत नाही. त्यावरच्या पहिल्या तीन पदव्यांना प्रत्येकी 3 वर्षं, पुढच्या तिन्हींना प्रत्येकी 5, सातवी-आठवीला प्रत्येकी 7, नववीला, म्हणजे लाल पट्ट्याला, 10. बेरीज 48. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी लाल पट्टा 67 व्या वर्षी. स्पर्धेची घडीही वयाप्रमाणे बदलते. प्रौढ ब्लॅक बेल्टची लढत 10 मिनिटांची. तिशीनंतरच्या मास्टर 1 गटात 6, पुढच्या गटांत 5.

डाव कमी ठेवा, खोल ठेवा. रॉजर ग्रेसी ब्लॅक बेल्टवर दहा वेळा जगज्जेता झाला. त्याचं हत्यार होतं पहिल्या महिन्यात शिकवतात ती माउंटवरची क्रॉस कॉलर चोक: एक हात कॉलरमध्ये खोल, चार बोटं आत, दुसरा त्याच्यावरून, मनगटं वळवून कोपरं मॅटकडे. 2017 मध्ये बुशेशाला, पुढे 13 विश्वविजेतेपदांचा मानकरी ठरलेल्या मल्लाला, पाठीवरून गळा आवळून हरवलं आणि रॉजरने निवृत्ती घेतली.

पस्तिशीनंतर आठवड्यात जोराचा सराव दोनदाच; बाकी दिवशी ठरवून वाईट स्थितीतून सुरुवात करा, पाठ दिलेली, माउंटखाली. बोटांचे सांधे सर्वांत आधी जातात. समोरच्याने बाही झटकली की लोंबकळू नका, सोडा आणि पुन्हा धरा. शिकवताना फेक दोनदाच दाखवा. रोज तीन वर्ग असतील तर तिसऱ्यापर्यंत कंबर तुमची राहत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. तेव्हा सराव पहाटे आणि वजन उतरवणं बंद. जुलैत गी दोन दिवस वाळत नाही, म्हणून दोन ठेवा. ओली गी घालून आलेल्याला मॅटवर घेऊ नका, नायटा आठवड्यात सगळ्या वर्गात फिरतो.

आणि प्रशिक्षकाने पांढऱ्या पट्ट्याच्या नवशिक्यालाही टॅप दिला पाहिजे, सगळ्यांसमोर, पकड नीट बसली असेल तर. मुलं तेच पाहून शिकतात.

पाच मिनिटं आहेत. बूट काढून दोघं जण पुढे या. किमुरा हळू लावू, आणि कोपर बरगडीपासून सुटतं तो क्षण हाताला कळतो का ते बघू.