सहा इंच चिखल कोणी धुतला?

नमस्कार मंडळी. आपल्या वाचनगटात ज्या पुस्तकावरून सर्वांत जास्त आवाज चढले, ते ‘लॉन्गबोर्न’. जो बेकर यांची ही कादंबरी २०१३ साली आली. जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ला त्याच वर्षी दोनशे वर्षं झाली. घर तेच, बेनेट कुटुंबाचं. माणसं तीच. फक्त आपण दिवाणखान्यात बसायचं नाही, मागच्या दाराने स्वयंपाकघरात, नोकरांमध्ये शिरायचं.

एक बाजू म्हणते, ऑस्टेन आम्हाला आत्ता कळली. दुसरी म्हणते, मूळ कादंबरीची नायिका, आमची एलिझाबेथ बेनेट, तिची पार माती केली. हे भांडण मिटत नाही, कारण आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालून तोलतो. बेकर काही गोष्टी ऑस्टेनच्याच वाक्यातून काढतात, काही ऑस्टेनने मोकळ्या सोडलेल्या जागेत भरतात आणि काही सरळ स्वतःच्या पदरच्या घालतात. कुठल्या प्रकाराबद्दल बोलतोय हे आधी ठरवलं, तर निम्मा वाद होतच नाही.

पहिला प्रकार सगळ्यांत भक्कम. ऑस्टेनच्या सातव्या प्रकरणात एलिझाबेथ शेजारच्या श्रीमंत बिंगलेच्या घरी, नेदरफील्डला, आजारी पडलेल्या बहिणीला, जेनला भेटायला तीन मैल चिखल तुडवत जाते. आठव्यात बिंगलेची बहीण मिसेस हर्स्ट नाक मुरडते, हिच्या परकराला सहा इंच चिखल होता म्हणे! दोनशे वर्षं वाचक या चिखलावर खूश आहेत, कादंबरीचा नायक डार्सीसुद्धा खूश. पण तो परकर धुतला कोणी? बेकरांच्या कादंबरीतली मोलकरीण सारा सुरुवातीच्याच पानांत मनाशी म्हणते की लिझीला, म्हणजे एलिझाबेथला, स्वतःचे परकर स्वतः धुवावे लागले असते, तर तिने ते जरा जपून वापरले असते. त्या काळची धुणी म्हणजे काय, हे डोळ्यांसमोर आणा. चिखल ओला असताना घासला तर डाग पसरतो; तो वाळू द्यायचा, मग झटकायचा. पाणी पंपावरून बादल्यांनी वाहून आणायचं, कपडे भिजत घालायचे, उकळायचे, घासायचे, खळबळून पिळायचे. राखेच्या खाराने हाताची कातडी फुटते आणि थंडीत त्या भेगा भरत नाहीत. हे वाचून ‘एलिझाबेथला स्वार्थी केलं’ म्हणणाऱ्यांना एकच विचारावंसं वाटतं: बेकरांनी तिला काय करायला लावलं? ती मूळ पुस्तकात वागते तशीच वागते. बघणारे डोळे तेवढे बदललेत.

सतराव्या प्रकरणात असंच आहे. नेदरफील्डच्या नाच-समारंभाआधी सलग पाऊस, बेनेट मुलींना जवळच्या मेरिटन गावात जाता येत नाही, म्हणून बुटांवर लावायची रिबिनीची फुलंसुद्धा दुसऱ्याकरवी आणवतात. ऑस्टेनसाठी तो अर्ध्या वाक्याचा विनोद. बेकरांकडे त्या ‘दुसऱ्या’ला नाव आहे, सारा, आणि ती भिजते. बाराव्या प्रकरणात धाकट्या बहिणी लिडिया आणि किटी लष्करी छावणीच्या बातम्या सांगतात: अधिकारी काकांकडे जेवले, एका शिपायाला फटके मारले, कर्नल लग्न करणार म्हणे. एका दमात! बेकर त्यातला मधला तुकडा उचलतात आणि ते फटके आपल्याला बघायला लावतात.

दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण बिंगलेचा पैसा. ऑस्टेन सांगते की वडिलांनी जवळजवळ एक लाख पौंड ठेवले आणि ते व्यापारातून आले. कसला व्यापार, ते नाही. बेकर म्हणतात साखर, आणि साखर म्हणजे गुलामांचे मळे. ऑस्टेनने हे लिहिलेलं नाही, पण तिने ते नाकारलेलंही नाही. ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला १८०७ साली, मूळ कादंबरीच्या सहाच वर्षं आधी.

आता ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही, त्यांनी मिनिटभर कानांवर हात ठेवा. तिसरा प्रकार: नवा नोकर जेम्स हा मिस्टर बेनेट आणि घरातली मुख्य नोकराणी मिसेस हिल यांचा मुलगा निघतो. इथे बरेच वाचक पुस्तक मिटतात. माझ्या मते हा योगायोग जरा जास्तच सोयीचा आहे. मिस्टर बेनेटच्या तिरकस अलिप्तपणाला असं तयार कारण चिकटवायची गरज नव्हती. पण बाजू घेणाऱ्यांचा एक मुद्दा बिनतोड आहे. पन्नासावं प्रकरण काढा. बेनेट पैसा साठवत नाहीत, कारण मुलगा होणारच, तो सज्ञान झाला की इस्टेट फक्त पुरुष वारसाकडेच जाण्याचं बंधन तोडता येईल, असं गृहीत धरलेलं असतं. बेकर म्हणतात, मुलगा तर होता! अनौरस, म्हणून उपयोगाचा नाही. हे क्रूर आहे आणि ऑस्टेनच्या हिशेबात चपखल बसतं.

‘लॉन्गबोर्न’च्या तिसऱ्या भागात जेम्सची गोष्ट एकदम मागे, स्पेनच्या युद्धात जाते. १८०८-०९ च्या हिवाळ्यातली ब्रिटिश सैन्याची कोरुन्या बंदराकडची माघार. अनेकांचं वाचन इथे अडतं, आणि कारण साधं आहे: तोपर्यंत ऑस्टेनचा खुंटा हाताशी असतो, इथे काहीच ओळखीचं नाही. कंटाळा आला तर तो भाग सलग एका बैठकीत वाचा, तुकड्यांत वाचू नका.

पुढच्या बैठकीसाठी मूळ पुस्तक सगळं नको. सात, आठ, बारा, सतरा, पन्नास आणि पंचावन्न एवढीच प्रकरणं वाचून या. मालिका बघून येऊ नका. तळ्यातून ओल्या सदऱ्याने येणारा डार्सी १९९५ च्या मालिकेत आहे, पुस्तकात नाही. (तो सदरा कोणी वाळत घातला, हा वेगळा प्रश्न.)

पंचावन्नावं प्रकरण मुद्दाम सांगतोय. बिंगले लवकर आलाय, मिसेस बेनेटची धांदल उडालीय. ती ओरडते, सारा, आधी जेनला गाऊन घालायला मदत कर, लिझीचे केस राहू देत. बेकरांची नायिका ती हीच, ऑस्टेनच्या एका हाकेतून उचललेली. त्या हाकेला जेन उत्तर देते. साराच्या तोंडी एक शब्दही नाही.