कॅन्डलच्या पोटात काय घडलं?

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? बरं. विषय दिलाय बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या भावांवर स्ट्रॅटेजी तपासताना, स्टॉपलॉस (तोटा थोपवायला बाहेर पडायचा भाव) आणि टार्गेट (नफा घेऊन बाहेर पडायचा भाव) खऱ्यासारखं कसं धरायचं, तो घेणारच आहे, पण आधी माझं एक रडगाणं. ज्यांनी ते आधी ऐकलंय त्यांनी शेवट फोडू नका.

काही वर्षांपूर्वी मी एक स्ट्रॅटेजी लिहिली. डेली डेटा, म्हणजे दिवसाला एक कॅन्डल आणि तिचे चार भाव: ओपन पहिला, हाय सगळ्यात वरचा, लो सगळ्यात खालचा, क्लोज शेवटचा. ओपनला खरेदी, २ टक्के खाली स्टॉप, ४ टक्के वर टार्गेट. रिझल्ट आला तर इक्विटी कर्व्ह, म्हणजे भांडवलाचा आलेख, नुसता जिना, कुठं दम खाणं नाही की उतरणं नाही. मी मनातल्या मनात राजीनामा लिहून टाकला, फक्त तारीख घालायची बाकी होती. हसू नका, इथल्या निम्म्या लोकांच्या मनात तो तयार आहे. तर एका मित्राला कोड दाखवला. गृहस्थाने माझा जिना बघितलासुद्धा नाही, थेट एक्झिटच्या ओळींवर गेला. तिथं दोन इफ, म्हणजे अटी. वरचा विचारतोय, हाय टार्गेटला पोचला का? पोचला तर नफा घेऊन बाहेर. खालचा विचारतोय, लो स्टॉपला लागला का? तो म्हणाला, "हे दोन जरा खालीवर कर." कट, पेस्ट, रन. जिन्याच्या जागी घसरगुंडी! डेटा तोच, एंट्री तीच, एक आकडा बदललेला नाही. आणि खरं सांगतो, राग मला स्वतःचा नाही आला, त्या मित्राचाच आला, चार दिवस फोन नाही केला मी त्याला.

घोडं पेंड खातं ते इथं. समजा ओपन १००, हाय १०४.५, लो ९७.५, क्लोज १०१. आपली खरेदी १०० ला, स्टॉप ९८, टार्गेट १०४. दोन्ही लागले. आधी कुठला? कॅन्डल चार भाव सांगते, त्यांचा क्रम पोटातच ठेवते. हाय आधी असेल तर ४ मिळाले, लो आधी असेल तर २ गेले, आणि माझा कोड दरवेळी निकाल माझ्याच बाजूने लावत होता, म्हणजे आरोपीच न्यायाधीश. ट्रेडिंगव्ह्यू हे चार्ट आणि बॅकटेस्टचं सॉफ्टवेअर अशा वेळी अंदाज बांधतं, ओपन हायच्या जवळ असेल तर भाव आधी वर गेला असं धरतं, लोच्या जवळ असेल तर आधी खाली. आपल्या कॅन्डलला लो जवळ, म्हणजे स्टॉप. वाईट नाही, पण अंदाजच तो. त्यापेक्षा तेवढ्या कॅन्डलपुरता १ मिनिटाचा डेटा उघडा, दोन्ही एकाच मिनिटात आले तर टिक डेटा, म्हणजे एकेका सौद्याची नोंद, तोही नसेल तर गुमान स्टॉप आधी धरा. आणि असे संशयित ट्रेड किती आहेत ते मोजा आधी! शंभरात एखादा असेल तर सोडून द्या, माझ्याकडे त्यांची जत्राच होती.

पाच मिनिटं? अहो, मुख्य भाग आत्ता सुरू होतोय. असो, पळत सांगतो.

गॅप, म्हणजे भाव मधले आकडे गाळून उघडतो ते. स्टॉप ९८ ला आणि ओपनच ९५ ला, तर फिल, म्हणजे सौदा झाला तो भाव, ९५ धरायचा. स्टॉप लागला की त्याची मार्केट ऑर्डर होते, म्हणजे मिळेल त्या भावाला सौदा, ९८ ची हमी कुणी दिलेली नाही. १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेने युरोला दिलेला १.२० फ्रँकचा आधार काढला आणि भाव काही मिनिटांत १ च्याही खाली गेला, १.१९ चे स्टॉप कुठल्या कुठे भरले गेले. टार्गेट उलट, ती लिमिट ऑर्डर, म्हणजे ठरवलेला भाव किंवा त्याहून चांगला. हाय बरोब्बर १०४ ला टेकला म्हणून तुमचा माल विकला गेला असं नाही, रांगेत पुढं लोक असतात, एक टिक, म्हणजे भावाची सगळ्यात लहान पायरी, वर गेला तरच फिल धरा. शॉर्टचा, म्हणजे आधी विकून मग घ्यायच्या सौद्याचा, स्टॉप आस्क भावावर, म्हणजे विकणारा मागतो त्या भावावर तपासा, चार्ट बिडचा, म्हणजे घेणारा देतो त्या भावाचा असेल तर स्प्रेड, म्हणजे दोन्हींतला फरक, मिळवून. ट्रेलिंग स्टॉप, म्हणजे भावामागे सरकत जाणारा स्टॉप, याच कॅन्डलच्या हायवरून वर सरकवून याच कॅन्डलच्या लोवर तपासू नका, परत क्रमाचंच भूत. एंट्री मधेच झाली असेल तर त्या कॅन्डलचा हाय तुम्ही आत शिरायच्या आधीचाही असू शकतो, तो टार्गेटला मोजू नका. कमिशन राहिलं... हो हो, देतो माईक.