रंग रोलचा की स्कॅनरचा?

मंडळी, कोडॅकचा गोल्ड 200 पिवळट, फूजी हिरवट, कोडॅकचाच अल्ट्रामॅक्स भडक, रंगीत फिल्मच्या रोलबद्दलची ही वाक्यं आपण सगळ्यांनी ऐकलेली आहेत. त्यातला बराचसा दोष रोलचा नसतोच, स्कॅनरचा असतो.

निगेटिव्ह नारिंगी दिसते ती मुद्दाम. फिल्ममधली सायन आणि मॅजेंटा रंगद्रव्यं शुद्ध नसतात, शोषू नये तो प्रकाशही थोडा शोषतात. ती चूक भरून काढायला रंगीत कप्लर (रंगद्रव्य बनवणारी रसायनं) घातलेले असतात, त्यांचा हा मास्क. तो वजा करून चित्र उलटवताना राखाडी कशाला म्हणायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि लॅबचं मशीन ते दर फ्रेमला नव्यानं ठरवतं. भातखाचरासमोर माणूस उभा केलात की मशीनला वाटतं हिरवं फार झालं, आणि ते किरमिजी ओततं. मग आपण म्हणतो, या रोलवर चेहरे गुलाबी येतात!

म्हणून तुलना करायची तर आधी बाकीचं सगळं बांधून टाका. एकच कॅमेरा, एकच लेन्स, ट्रायपॉड, 18 टक्के प्रकाश परतवणारं राखाडी कार्ड. प्रत्येक दृश्याच्या सहा फ्रेम घ्या: दोन स्टॉप कमी, एक कमी, बरोबर, मग एक, दोन, तीन जास्त (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, हलवायचं नाही, शटरची वेळच बदलायची. सहा दृश्यं घेतलीत की 36 फ्रेम होतात, एक रोल संपतो. भर ऊन, सावली, ढगाळ आभाळ, पिवळा बल्ब, एलईडी, आणि पांढऱ्या कपड्यातला काळ्या केसांचा माणूस. उन्हातली दृश्यं सगळ्या रोलवर अकरा ते दोनच्या दरम्यानच उरका.

सगळे रोल एकाच लॅबला, एकाच दिवशी धुवायला द्या. सी-41 मध्ये, म्हणजे रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या ठरलेल्या प्रक्रियेत, डेव्हलपर 37.8 अंशांवर सव्वातीन मिनिटं, आणि तापमानाला सूट फक्त 0.15 अंशाची. डेव्हलपर थकलेला असेल तर निगेटिव्ह पातळ येते, कॉन्ट्रास्ट पडतो, आणि छाया एका रंगाकडे तर उजेड दुसऱ्या रंगाकडे झुकतो. हे मात्र स्कॅनमध्येही धड सुधारत नाही. ब्लीच अपुरं पडलं तर चांदी मागे राहते, रंग मळकट होतात, दाणा (चित्रातला खरखरीत ठिपकेपणा) वाढतो. त्याला इलाज आहे, रोल पुन्हा ब्लीच आणि फिक्स करून घ्यायचा.

स्कॅनला ऑटो सगळं बंद. डिजिटल कॅमेऱ्यानं कॉपी करत असाल तर एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हातानं बांधा. रोलच्या न उजळलेल्या पट्टीवरून मास्क काढा, बरोबर एक्स्पोजरच्या फ्रेममधलं कार्ड राखाडी करा, आणि तेच आकडे त्या रोलच्या सगळ्या फ्रेमना लावा.

असं केलंत की पहिला धक्का बसतो: उन्हात, बरोबर एक्स्पोजरला हे रोल एकमेकांच्या फार जवळ येतात. दाण्याचंही तेच. कोडॅकच्या प्रिंट ग्रेन इंडेक्समध्ये, म्हणजे प्रिंटवर दाणा किती दिसतो त्याच्या मापात, 25 ही दाणा दिसू लागण्याची मर्यादा आहे, आणि जेमतेम जाणवणारा फरक 4 अंकांचा. चार बाय सहाच्या प्रिंटवर 200 आणि 400 वेगाच्या (प्रकाशाला किती संवेदनशील, त्याचा हा आकडा) रोलमधल्या दाण्यावरून भांडायचं कारण उरत नाही.

खरा फरक कमी एक्स्पोजरला उघडा पडतो. गोल्ड 200 दोन स्टॉप कमी आणि तीन स्टॉप जास्त सहन करतो असं कोडॅक सांगतं, पण या दोन टोकांना सारखं समजू नका. जास्तीच्या बाजूला दाणा उलट बारीक वाटतो. कमीच्या बाजूला काळं राखाडी होतं आणि त्यात मातकट दाणा उमटतो. माझं मत विचाराल तर गोल्डला मीटर 100 वर ठेवा, म्हणजे एक स्टॉप जास्त मिळेल. डीएक्स कोड (रोलच्या डबीवरची वेग सांगणारी खूण) वाचणारे काही साधे पॉइंट-अँड-शूट 200 चा रोल 100 समजूनच उजळतात. होऊ द्या, फायद्याचंच आहे.

पिवळ्या बल्बखाली तर हे दुप्पट. फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बांधलेली, आणि बल्बमध्ये निळं फारच कमी. मीटर म्हणतं एक्स्पोजर बरोबर, पण फिल्मचा निळ्यासाठीचा थर उपाशी राहतो. स्कॅनमध्ये निळं ओढून आणलं की दाणाही ओढला जातो. बल्बचा पिवळेपणा काढणारा निळा 80ए फिल्टर लावला तर दोन स्टॉप जातात, म्हणून घरात 400 चाच रोल घ्या आणि निदान एक स्टॉप जास्त द्या.

फूजीबद्दल जपून बोला. ट्यूबलाइटखाली हिरवटपणा आवरायला फूजीच्या रिआला आणि सुपिरिया या रोलमध्ये नेहमीच्या तीन रंगथरांखेरीज चौथा थर होता, त्या आठवणीवर आजचा डबा घेऊ नका. 'फूजीफिल्म 200' किंवा '400'च्या खोक्यावर 'मेड इन यूएसए' छापलं असेल तर तो जुना जपानी रोल नाही. त्याचा स्वभाव गोल्ड आणि अल्ट्रामॅक्सच्याच जवळ जातो.

आपल्या हवेत एक नाव वेगळं काढावं लागतं, कोडॅकचा प्रो इमेज 100. तो उष्ण आणि दमट मुलखांतल्या दुकानांत फ्रीजबाहेर राहील या हिशेबानंच बनवलेला आहे. बाकीचे रोल 21 अंशांच्या खाली ठेवा. फ्रीजमधून काढल्यावर डबी निदान दीड तास बंदच राहू द्या, पावसाळ्यात कोकणात तर नक्कीच, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं. आणि वापरलेला रोल उन्हात उभ्या गाडीत ठेवून दुसऱ्या आठवड्यात धुतलात, तर त्याची तुलना कशाशीही करू नका.