शरणपूरचा लोहार आणि निळं निशाण

नमस्कार श्रोतेहो. आणि शरणपूर, नाशिकरोड, देवळाली, इगतपुरीकडच्या मंडळींना सलाम.

आज बोलायचंय पाळकांबद्दल. म्हणजे आपले पाळकसाहेब, कॅथलिक घरांत फादर. बाप्तिस्मा द्यायला तेच, लग्न लावायला तेच, आणि मयताच्या घरी नातेवाइकांच्या आधी पोचणारेही तेच. रविवारी वेदीजवळ उभे राहिले की झगा सगळ्यांचा सारखा. पण त्या झग्यात शिरण्याआधी कोण कुठं होता, काय करत होता, हे आपण विचारत नाही. मला विचारायची खोड आहे. आणि उत्तरं अशी मिळतात की उपदेशापेक्षा तीच ऐकत बसावं. उपदेशाचं म्हणाल तर वीस मिनिटं पुरेत. विसाव्या मिनिटानंतर मंडळी देवाकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघते, हे कुठल्याही पाळकानं मनावर घ्यावं.

तर, कोण कुठून आला. आपल्याच भागातली उदाहरणं घेऊ. रतनजी नौरोजी हे पारशी. चर्च मिशनरी सोसायटीचे पाळक झाले आणि औरंगाबादेत सेवा केली. रेव्हरंड नारायण वामन टिळक कोकणस्थ ब्राह्मण. नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकले, आपल्या जलालपूरच्या गोखल्यांचे जावई झाले. शिक्षकी केली, कीर्तनं केली, कविता केल्या, आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नाशिकचा अँग्लिकन धर्मप्रांत १९२९ साली झाला, त्याचे पहिले बिशप फिलिप लॉइड. हे विलायतेतल्या ईटनमध्ये शिकलेले, म्हणजे बड्या घरच्यांच्या शाळेत. इथून गेले ते तिकडे सेंट ऑल्बन्सचे बिशप झाले. आणि कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत १९८७ चा, त्याचे पहिले बिशप थॉमस भालेराव, येशूसंघीय, म्हणजे जेझुइट. एक पारशी, एक कवी, एक ईटनवाला, एक भालेराव.

पण आज मला सांगायचाय तो एक लोहार. शरणपूरचा लोहार.

शरणपूर म्हटलं की आज तुम्हाला शरणपूर रोड आठवतो. कॅनडा कॉर्नरचा सिग्नल, दवाखाने, पार्किंगची भांडणं. पण शरणपूर हे आधी गाव होतं. १८५४ च्या सुमारास मिशननं नाशिकच्या वेशीबाहेर वसवलेलं. घर सुटलेल्या, वाळीत पडलेल्या ख्रिस्ती लोकांना राहायला जागा हवी, हातांना काम हवं, म्हणून. विल्यम सॉल्टर प्राइस नावाचे पाद्री ते चालवायचे. सुतारकाम, लोहारकाम, शेती, छपाई, शाळा, सगळं तिथं. आणि तिथंच राहायची आफ्रिकन मुलं. हो, आफ्रिकन, आपल्या नाशकात. अरबी गलबतांतून गुलाम म्हणून नेली जाणारी पोरं इंग्रजी आरमारानं समुद्रात सोडवायची, मुंबईला उतरवायची, आणि त्यांतली काही शरणपूरला यायची.

त्यांतलाच एक विल्यम जोन्स. नाव अर्थातच मागून दिलेलं. मूळचा पूर्व आफ्रिकेतल्या याओ लोकांपैकी. लहानपणीच विकला गेला, सुटला, आणि शरणपुरात येऊन भाता ओढायला, ऐरणीवर घण मारायला शिकला. मराठी कानावर पडत, गोदेचं पाणी पीत वाढला. नाशिककरच म्हणा की.

१८६४ साली जोन्स आणि त्याचा शरणपुरातलाच सोबती इश्माएल सेमलर यांना मिशननं परत आफ्रिकेला पाठवलं. मोंबासाजवळच्या डोंगरावर रबाई नावाचं गाव आहे, तिथं रेबमन नावाचे जर्मन मिशनरी जवळजवळ एकटेच किल्ला लढवत होते. त्यांच्या मदतीला. पुढं एकवीस वर्षं जोन्सनं शिकवलं, बांधलं, भाषांतरं केली, भांडणं मिटवली. पाळकाचं सगळं काम केलं, पण पाळक नव्हता. एकवीस वर्षं! शेवटी १८८५ साली बिशप जेम्स हॅनिंग्टन आले आणि त्यांनी जोन्स आणि सेमलर दोघांना डिकनची, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली. शरणपूरचा लोहार रेव्हरंड झाला.

आता ऐका. त्याच वर्षी जुलैत हे हॅनिंग्टन बिशप बुगांडाला निघाले, म्हणजे आजच्या युगांडात. चालत. दोनशेच्या आसपास हमाल, सामान, कापडाचे गठ्ठे, मणी, आणि सोबत एकच पाळक, आपला जोन्स. नेहमीची वाट दक्षिणेकडून होती. बिशपांनी जवळची धरली, मसाई लोकांच्या मुलखातून, पूर्वेकडून. आणि बुगांडात तर समज असा की आपला देश जिंकणारे पूर्वेकडूनच येणार. बिशपांना याची नीट कल्पना नव्हती. सावध करणाऱ्यांचे निरोप वाटेत गाठ न पडता राहिले.

ऑक्टोबरात ते क्वा सुंडूला पोचले, आज त्याला मुमियास म्हणतात. तिथं बिशप म्हणाले, जोन्स, तू बाकीची माणसं घेऊन इथंच थांब, मी पन्नास जणांना घेऊन पुढं जाऊन येतो. दीडशे माणसं जोन्सच्या हवाली करून बिशप गेले.

जोन्स थांबला. आठवडा गेला, दुसरा गेला. पत्र नाही, माणूस नाही. परका मुलूख, दीडशे तोंडं खायला, आणि हमाल म्हणतात घरी चला. नोव्हेंबरात चार जण आले. पन्नासांपैकी चार. त्यांनी सांगितलं: बिशपांना पकडलं, आठवडाभर डांबून ठेवलं, आणि २९ ऑक्टोबरला राजा म्वांगाच्या हुकमावरून मारलं. त्यांच्याबरोबरच्या बहुतेकांनाही.

तुम्ही काय केलं असतं? मी तर त्याच रात्री गाशा गुंडाळला असता. जोन्स महिनाभर आणखी थांबला. ऐकताय ना, महिनाभर. खबर चुकीची असेल, कुणी जखमी जिवंत असेल, रांगत का होईना येईल, म्हणून. डिसेंबरात, आता कुणी येणार नाही हे नक्की झाल्यावर, त्यानं तांडा उठवला आणि शेकडो मैलांची तीच वाट उलटी धरली. दीक्षा मिळून वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि त्याच्यावर सोपवलेली मंडळी म्हणजे भुकेले, घाबरलेले दीडशे हमाल.

४ फेब्रुवारी १८८६. रबाईच्या लोकांना लांबून तांडा येताना दिसला. पुढं निशाण होतं, पण जाताना नेलेलं इंग्रजांचं नव्हतं. निळ्या कापडाचं. निळा हा तिकडं दुखवट्याचा रंग. आणि त्यावर पांढऱ्या कापडाची अक्षरं शिवलेली: ईखाबोद. शब्बाथशाळेत गेलेल्यांना आठवेल. पहिलं शमुवेल, चौथा अध्याय. कराराचा कोश, म्हणजे इस्राएलांची पवित्र पेटी, शत्रूनं नेला, एली याजकाची सून बाळंत झाली आणि मरता मरता तिनं लेकराचं नाव ईखाबोद ठेवलं, वैभव गेलं म्हणून. रबाईत कुणाला काही विचारावंच लागलं नाही. निशाण वाचलं आणि कळलं.

ते जेव्हा जेव्हा सांगतो तेव्हा मला त्या शिवणाऱ्या हातांचा विचार येतो. रानात, मुक्कामात, कुणीतरी बसून ती अक्षरं कापली असतील. कुठल्या सेमिनरीत हे शिकवतात? ज्यानं हातानं वस्तू घडवल्यात त्यालाच असं सुचतं, असं माझं मत. तुम्ही योगायोग म्हणा.

जोन्स पुढंही रबाईतच राहिला. आसपासच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रबाईत आसऱ्याला यायचे. मालक येऊन मागणी करायला लागले, प्रकरण चिघळलं. १८८८ साली चौकशीला कोण आलं असेल? प्राइस. शरणपूरचे तेच म्हातारे प्राइससाहेब, लहानपणी जोन्सला वाढवणारे. शेवटी ब्रिटिश कंपनीच्या मॅकेंझींनी मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ ला रबाईत चौदाशेच्या आसपास माणसांना सुटकेचे कागद मिळाले. स्वतः विकला गेलेला माणूस त्या गावचा पाळक होता.

वायनरीकडे जायच्या पाट्या आता नाशकात पावलोपावली आहेत. शरणपूरच्या या माणसांची एखादी पाटी असावी, फार खर्च नाही. माझ्या पाहण्यात तरी नाही.

बरं, वेळ संपत आली आणि आजचा पाळक कसा होतो ते राहिलंच. थोडक्यात सांगतो. उत्तर भारत मंडळीत, म्हणजे सीएनआयमध्ये, आधी स्थानिक मंडळी नाव सुचवते, बिशप पारखतात, मग ईश्वरविद्येची पदवी, मग डिकन, मग प्रेसबिटर, म्हणजे पूर्ण पाळक. स्त्रियाही दीक्षा घेतात. कॅथलिक फादरांचं शिक्षण जास्त लांबतं, येशूसंघीयांचं तर दहा वर्षांच्या वर जातं, आणि ते लग्न करत नाहीत. सीएनआयचे पाळक संसारी, त्यामुळं बदली झाली की पाळकबाईंची नोकरी, मुलांची शाळा, सगळं हलतं. या बाया फुकटात निम्मी मंडळी सांभाळतात, याचा कुणी हिशेब ठेवत नाही. आणि जाता जाता, चर्चमधली पेटी-तबला काढून कीबोर्ड आणायची घाई करू नका. टिळकांची भजनं पेटीवरच बसतात.

पुढच्या शुक्रवारी याच वेळी नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेबद्दल बोलू. तोवर तुमच्या पाळकांना किंवा फादरना गाठा, चहाला बोलवा आणि विचारा, झग्याआधी काय करत होतात. एखादं उत्तर भन्नाट निघालं तर मला पत्रानं कळवा. नमस्कार.