पगारातले दोनशे आणि बांधावरची मजुरी

(दृश्य: एक पगारचिठ्ठी. कपातीच्या रकान्यावर कॅमेरा थांबतो.)

निवेदन:

भविष्य निर्वाह निधी, आयकर, आणि त्याखाली एक बारकी ओळ: पीटी, म्हणजे व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीच्या चिठ्ठीत तिथेच ३०० दिसतील. अकरा महिने दोनशे, एक महिना तीनशे, म्हणजे वर्षाचे बरोबर २,५००. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार कोणत्याही राज्याला माणशी याहून जास्त व्यवसाय कर घेता येत नाही, आणि ही मर्यादा १९८८ पासून तीच आहे.

करामुळे लोक जास्त काम करतात की कमी, मजुरी चढते की उतरते, याची गणितं अर्थशास्त्रज्ञ मांडत असतात. त्यासाठी व्यवसाय करासारखं उदाहरण शोधून सापडायचं नाही. कारण १९७५ साली महाराष्ट्राने हा कर बसवला तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. कापला जायचा शहरातल्या पगारातून, खर्च व्हायचा दुष्काळी तालुक्यातल्या मातीकामावर. तेव्हा हिशेबही दोन्हीकडचा करायला हवा.

आधी कर भरणाऱ्याकडे पाहू.

(दृश्य: सकाळची लोकल, दारात लटकलेली गर्दी.)

कामाचे तास ठरवताना माणूस एक साधा प्रश्न विचारतो: अजून थोडं काम केलं तर त्यातलं माझ्या हातात किती पडेल? आयकर या प्रश्नाचं उत्तर बदलतो, कारण वाढीव कमाईतला काही हिस्सा तो घेतो. व्यवसाय कराचं तसं नाही. पगार पन्नास हजार असो की दोन लाख, कापले जातात दोनशेच. ओव्हरटाइम केला म्हणून त्यात भर पडत नाही. म्हणून गणित सांगतं की या करापायी कोणी नोकरी सोडणार नाही की तास कमी करणार नाही. न्यायाच्या दृष्टीने मात्र तो लंगडा आहे, हेही सांगायला हवं. दरमहा दहा-बारा हजार मिळवणाऱ्या पुरुषाला दोनशे रुपये चांगलेच जाणवतात.

आता दुसरं टोक.

(दृश्य: १९७२ च्या दुष्काळातली जुनी छायाचित्रं. खडी फोडणाऱ्या बायका, डोक्यावर मातीच्या पाट्या.)

वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. काम मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी लावून धरली आणि तिचा पहिला प्रयोग सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात झाला. ७२ च्या दुष्काळात हजारो कामांवर लाखो माणसं जगली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. व्यवसाय करातून आणि इतर खास करांतून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, अशी निधीची रचना होती.

मजुरीवर याचा परिणाम कसा होतो, ते एका शिवारात बघा. रब्बीची काढणी उरकली आहे. गावात काम देणारे चारच शेतकरी आणि मागणारी चाळीस घरं. अशा वेळी मालक सांगेल तो रोज. पण कोसभरावर पाझर तलावाचं काम सुरू झालं, मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव लागायला लागलं, की बाई शेतमालकाला सांगू शकते, "तिकडं जास्त मिळतंय." ती तलावावर जावो न जावो, भाव वाढवून मागण्याचं बळ तिला आलेलं असतं. शिवाय खोदलेल्या मातीच्या मापावर पैसे, म्हणून बाईच्या मापाला पुरुषाच्या मापाइतकाच दर. शेतातल्या रोजात हे कधी नव्हतं.

पुढे देशभर रोजगार हमी आली, तेव्हा क्लेमाँ अँबेर आणि जॉन पॅप या अर्थशास्त्रज्ञांनी हाच परिणाम मोजला. खासगी कामावरची मजुरी सुमारे पावणेपाच टक्क्यांनी वाढलेली आढळली, तीही मुख्यतः कोरड्या महिन्यांत.

पण या सगळ्याला एक अट आहे. मागितल्यावर काम खरोखर मिळालं पाहिजे.

१९८८ मध्ये राज्यातलं किमान वेतन दुप्पट झालं आणि त्यामागोमाग हमीच्या कामावरची मजुरीही. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अर्थशास्त्रज्ञांनी आधीच्या काळातले महिनावार उपस्थितीचे आकडे घेतले. उन्हाळ्यात गर्दी किती वाढते, पेरणी सुरू झाली की किती ओसरते, हे त्यातून बसवलं. मग दुप्पट मजुरीला किती माणसं यायला हवी होती, ते काढलं. प्रत्यक्षातली हजेरी त्याच्या कितीतरी खाली होती. दर वाढल्यावर मागणारे घटले, असं कोण म्हणेल? कामंच कमी काढली जात होती. कागदावर हमी होती, कामावर गेलेल्यांपैकी काहींना परत फिरावं लागत होतं. आणि नव्वदच्या दशकात तर कर जमा होत राहिला, कामांवरचा खर्च मात्र मागे पडत गेला. माझ्या मते या योजनेच्या इतिहासातली सगळ्यात दुखरी जागा हीच. शहरातल्या नोकरदाराने आपला वाटा चुकता केला होता.

(दृश्य: संध्याकाळी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या तरुणी.)

एप्रिल २०२३ पासून या करात एक बदल झाला. महिलांना पूर्वी दहा हजारांपर्यंत सूट होती, ती महिना पंचवीस हजारांपर्यंत नेली. पाऊल चांगलंच. पण पंचवीस हजारांवर एक रुपया गेला की पूर्ण दोनशे कापले जातात. दीडशेची वाढ मिळाली तर हातात पन्नास रुपये कमी. मग किती मालक पंचवीस हजारांवरच पगार थांबवतात? पंधरा-वीस हजारांवर काम करणाऱ्या बाईला वाचलेले दोनशे पुरते मिळाले, की पुढच्या पगारवाढीत मालकाने ते वळते करून घेतले? सूट मिळण्याआधीचे आणि नंतरचे पगार शेजारी ठेवले, आणि त्याच पगाराच्या पुरुषांशी ताडून पाहिले, तर उत्तर निघू शकतं. मालक हा कर पगाराच्या टप्प्यांप्रमाणेच भरतात, त्यामुळे या अभ्यासाचा कच्चा माल, म्हणजे पगारांचे आकडे, हा कर वसूल करणाऱ्या राज्याच्या वस्तू व सेवा कर विभागाकडेच असणार. नावं काढून तो अभ्यासकांना खुला करावा.